ग्राइंडिंग मशीन आणि रविवारचा बेसबॉल

कोल्हापूरला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत जर्मनीत?" ऱ्हाइन नदी पाहिली, टेकड्यांवरचे किल्ले पाहिले, ज्यावर बैल कधी आडवा येत नाही असे रस्ते पाहिले. पण खरं सांगायचं तर कारखान्यांखालोखाल मी जास्तीत जास्त वेळ पाहिला तो बेसबॉल. आमचे भागीदार दादासाहेब हे ऐकून नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला पाठवलं होतं ग्राइंडिंग मशीन आणायला.

आमचा कारखाना विहिरींवर बसवायची छोटी डिझेल इंजिनं करतो. इंजिनाचा कणा म्हणजे क्रँकशाफ्ट, आणि तो जितका गुळगुळीत आणि मापात घासला जाईल तितकं इंजिनाचं आयुष्य. आमचं घासायचं मशीन लढाईच्या आधीचं. त्याचीच कंबर गेली होती, तर ते दुसऱ्याचा कणा काय ताठ करणार? इंजिनं तापून जाम व्हायची आणि गिऱ्हाईकं ती बैलगाडीत घालून आमच्या दारात आणून उतरवायची. मोठ्या खटपटीनं नव्या मशीनचं इंपोर्ट लायसन्स मिळालं. पुढच्या मार्चअखेरपर्यंत मशीन मुंबईला आलं तर आलं, नाहीतर लायसन्स रद्द, आणि ते पुन्हा मिळेल याची कुणालाच खात्री नव्हती. मला बोटीवर पोचवायला आलेले दादासाहेब हसत म्हणाले, "माधवराव, मशीन ठरवल्याशिवाय येऊ नका." हसले खरे, पण डोळे हसत नव्हते.

मानहाइम

या गावात रस्त्यांना नावंच नाहीत. गावाचा मधला भाग पटावरच्या चौकोनांसारखा आखलेला, आणि प्रत्येक चौकोनाला एक अक्षर नि एक आकडा. माझ्या हॉटेलचा पत्ता बीजगणितातल्या उदाहरणासारखा दिसत होता. हातात बॅग घेऊन मी एकाच चौकोनाला दोन प्रदक्षिणा घातल्या. तिसरी सुरू करणार तोच मागून हाक आली, "मिस्टर माधव! तुम्ही देवळात नाही आहात, मानहाइममध्ये आहात!"

हे हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट. आमच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या न्यूर्नबेर्गच्या एजन्सीचे विक्रेते. वय चाळिशीचं, बुटके, रुंद खांद्यांचे, नाक एकदा मोडून वाकडं बसलेलं. पुढचे दिवस हेच माझे दुभाषे, हेच सारथी. त्यांचं इंग्रजी पहिल्या दिवशी मला अर्धंच कळलं. जर्मन माणसाच्या तोंडी अमेरिकन गुराख्यांची हेल काढून बोलायची तऱ्हा! त्यामागची कथा मला पुढे समजली.

पहिल्या कारखान्यात दुपारपर्यंत बोलणी झाली. मशीनं अशी की हात लावावासा वाटू नये, नुसतं बघत बसावं. पण ऑर्डरींची रांग दोन वर्षांची. मी मार्च म्हटल्यावर त्यांच्या इंजिनियरनं दिलगिरीनं खांदे उडवले.

जेवायला फोग्टसाहेबांनी त्या भागातलं अपूर्वाईचं काहीतरी मागवलं. ताटात बोटभर जाडीचे पांढरेफटक कोंब, उकडलेले, वर लोणी. त्याला ते श्पार्गेल म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाला थोडेच दिवस मिळतात आणि आमच्याकडे हापूसचं जे होतं ते इथे या कोंबांचं होतं. आजूबाजूला माणसं डोळे मिटून खात होती. मी हळूच खिशातल्या डबीतली लसणाची चटणी वर भुरभुरली. फोग्टसाहेबांनी बोटानं चिमूटभर चाखली, लालेलाल झाले, पाणी प्यायले आणि पुन्हा डबीकडे हात केला. तिथे आमची मैत्री झाली.

"तुम्ही काही खेळता?" त्यांनी विचारलं.

"क्रिकेट. कॉलेजात यष्टिरक्षक होतो. अजूनही रविवारी उभा राहतो."

"यष्टिरक्षक म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो तो?"

"तोच."

त्यांनी आपल्या वाकड्या नाकावर बोट ठेवलं. "मीसुद्धा! चला, संध्याकाळी तुम्हाला दाखवतो."

गावाबाहेर अमेरिकन सैन्याची छावणी होती. तिच्या मैदानावर शिपायांच्या दोन तुकड्या बेसबॉल खेळत होत्या. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला एवढंच सांगतो की बॅट घरच्या मुसळासारखी गोल, चेंडू टप्पा न घेता थेट अंगावर येणारा, आणि क्षेत्ररक्षकांच्या हातात चामड्याची सुपं. चार मुक्काम फिरून फलंदाज घरी पोचला की एक धाव. मागच्या बाजूला मारलेला चेंडू मात्र फुकट. माझा आवडता लेट कट इथे वायाच जायचा! एवढं समजायला मला अर्धा तास लागला, आणि मग मी त्यात पुरता अडकलो.

तेवढ्यात एक फुकट चेंडू उंच उडाला तो आमच्याच दिशेनं. सवयीनं मी उठलो, दोन्ही हात पसरले आणि चक्क मराठीत ओरडलो, "माझा!" चेंडू हातांत आला, चटका देऊन निसटला आणि शेजारच्या सार्जंटच्या कोकाकोलावर आदळला. सगळी फळी हसून लोटपोट. भिजलेला सार्जंट उठला, माझ्या लाल झालेल्या तळव्यांकडे त्यानं पाहिलं आणि भुईमुगाच्या शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली. आमच्या खासबागेतल्या कुस्त्यांना जमतो तसा तो मोकळा, आरडाओरडा करणारा घोळका पाहून मला घरची फार आठवण झाली.

फ्रांकफुर्ट

दुसऱ्या शहरात दुसरा नकार. मात्र इतका सभ्य की आपणच काहीतरी चुकीचं मागितलं असं वाटावं. तिथल्या डायरेक्टरांनी आम्हाला कारखान्याच्या खानावळीत जेवायला नेलं. हातात ट्रे घेऊन ते कामगारांच्या मागे रांगेत उभे राहिले आणि कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही. कोल्हापूरला आल्यावर मी हे दादासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी रांगेत उभा राहिलो तर रांगच पळून जाईल."

शहरभर बांधकामाच्या उंच याऱ्या, म्हणजे क्रेन, उभ्या होत्या. एखाद्या गल्लीत नवीकोरी काचेची इमारत आणि तिला खेटून गवत वाढलेला मोकळा खड्डा. तिथे घर होतं, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. पण रडगाणं मी कुठेच ऐकलं नाही. संध्याकाळी सहाला काम थांबलं की खाली पडलेली शेवटची वीटसुद्धा उचलून कडेला लावलेली असायची.

इथेही मैदान सापडलंच. फोग्टसाहेबांच्या मोटारीच्या डिकीत कागदपत्रांच्या बॅगेखाली त्यांचं चामड्याचं सूप कायमचं ठेवलेलं असे. सामन्यानंतर आम्ही सफरचंदाची वाइन प्यायलो. कच्च्या कैरीत दात रोवल्यासारखी ती आंबट. दुसरा पेला बरा लागतो असं सगळे सांगतात, पण मी तिथवर पोचलो नाही.

न्यूर्नबेर्गच्या वाटेवर, भुंग्याच्या आकाराच्या त्यांच्या इवल्याशा मोटारीत, त्यांनी आपली कथा सांगितली. आफ्रिकेत पकडले गेले, युद्धकैदी म्हणून बोटीनं अमेरिकेला नेलं, टेक्सासमध्ये कापूस वेचायला लावला. "पहिल्या वर्षी तारेच्या आतून त्यांचा खेळ बघायचो. दुसऱ्या वर्षी त्यांचा एक गडी आजारी पडला आणि पहारेकऱ्यानं मला विचारलं, तुला यायचं का?" त्यांनी मोटार वळणावरून काढली. "मी जर्मन आहे, कैदी आहे, हे दोन तास कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही. म्हणून खेळतो अजून."

"आणि तुमची बायको? त्यांना आवडतो?"

"मार्टा कधी येत नाही," एवढंच म्हणून त्यांनी गिअर बदलला.

न्यूर्नबेर्ग

फोग्टसाहेबांच्या पत्नी, फ्राउ फोग्ट, उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि माझं जर्मन बोटीवर पाठ केलेलं. तरी पाहुणचाराला भाषा लागत नाही. करंगळीएवढी खरपूस सॉसेजं, आंबवलेला कोबी आणि बटाट्याचं सॅलड माझ्या ताटात पडत राहिलं. पोट भरल्याची खूण म्हणून आपण ताटावर आडवा हात धरतो ना, तसा मी धरला. त्यांनी तो हलकेच बाजूला केला आणि आणखी एक सॉसेज वाढलं. हुबेहूब माझी मावशी.

रविवारी फोग्टसाहेबांच्या क्लबाचा अमेरिकन शिपायांबरोबर सामना होता. निघताना फ्राउ फोग्ट टोपी घालून दारात उभ्या राहिलेल्या बघून नवरा चकितच झाला.

"पाहुण्याला तिथे एकट्याला कसं बसवायचं?" त्या म्हणाल्या. फोग्टसाहेबांनी मला हे भाषांतर करून सांगितलं, पण आवाज जरा वेगळाच येत होता.

मैदानाजवळ पोचलो तेव्हा मी गांगरलो. खेळाच्या जागेमागे पांढऱ्या दगडाचा अवाढव्य चौथरा, रांगाच रांगा पायऱ्या. लढाईआधी त्यांचा हुकूमशहा या चौथऱ्यावर उभा राहायचा आणि समोर लाखो माणसं ताठ. आता त्याच पायऱ्यांवर शर्टाच्या बाह्या वर करून शिपाई आइस्क्रीम खात होते आणि समोर खडूनं चौकोन आखला होता. फ्राउ फोग्ट माझ्या शेजारी सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

अमेरिकनांचा चेंडूफेक्या विशीतला एक काळासावळा, लांब हातांचा कॉर्पोरल होता. चेंडू असा यायचा की आधी हवा चिरल्याचा आवाज आणि मग चेंडू. फोग्टसाहेब फलंदाजीला आले. पहिला सोडला, दुसरा हुकला. तिसऱ्याला ते पुढे झुकले, आणि चेंडू आत वळला.

तो कानशिलावर बसला तेव्हा आवाज लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आला. ते गुडघ्यावर आले आणि मग कुशीवर पडले.

मी पोचेपर्यंत दोन्ही संघ तिथे जमा झाले होते. कुणी शर्ट काढून त्यांच्या मानेखाली घातला, कुणी जीप आणायला पळालं. कॉर्पोरल जमिनीवर बसून "साहेब, डोळे उघडा, साहेब" म्हणत होता. फ्राउ फोग्ट धावल्या नाहीत. घोळक्यातून सरळ चालत आल्या, नवऱ्याशेजारी बसल्या आणि त्याच्या कानापाशी काहीतरी बोलल्या. माणसांनी आपोआप वाट दिली.

जीपमधून आम्ही अमेरिकन सैन्याच्या हॉस्पिटलात गेलो. तिथे माझ्या लक्षात आलं की आजवर जो माणूस माझी जीभ होता तो स्ट्रेचरवर आहे. डॉक्टरला जर्मन येत नव्हतं, बाईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि मध्ये मी. त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत गरजेचं जर्मन बोललो. शुद्धीवर आले होते का, उलटी झाली का, आधी कधी डोक्याला मार? मी कपाळावर हात मारून, तोंड उघडून, बोटं दाखवून विचारायचो. बाई एकेक शब्द मला समजेल इतका सावकाश सांगायच्या. डॉक्टर निरोप द्यायचा तो मी घासून-पुसून जर्मनमध्ये बसवायचो. "हाड... बारीक... चीर. आत रक्त... नाही. बहुतेक नाही. थांबायचं."

मग थांबलो. बाकावर फ्राउ फोग्ट, त्यांच्या शेजारी मी. समोरच्या भिंतीला टेकून तो कॉर्पोरल. अंगात खेळाचाच मातकट गणवेश. त्याला जायला सांगितलं तरी तो गेला नव्हता.

तिथे बसल्या बसल्या बाई बोलू लागल्या. सोपे शब्द निवडून, माझ्यासाठी. त्या शाळेत असताना त्यांच्या वर्गाला त्याच मैदानावर नेलं होतं. पांढरे सदरे, ऊन, तासन्‌तास उभं राहायचं. शेजारची मैत्रीण चक्कर येऊन पडली.

"कुणी हललं नाही," त्या म्हणाल्या. "मीही नाही. हलायचं नाही असा हुकूम होता." त्यांनी हातातली पर्स घट्ट धरली. "पुढे आमचं घर अमेरिकनांच्या बाँबनं गेलं. आई गेली. मी म्हटलं, ते मैदान, ते लोक, दोन्ही मला नकोत. आज कार्ल पडला आणि सगळे धावले. सगळेच."

 

मग त्यांनी त्या मुलाकडे हनुवटी केली. "त्याला विचारा."

मी सावरून बसलो. मला वाटलं, आता त्या त्याला जाब विचारणार.

"विचारा, जेवलाय का?"

मी इंग्रजीत विचारलं. त्यानं मान हलवली. नाही. तो जॉर्जियाचा, घरी आई आहे, ती रोज देवाची प्रार्थना करते, त्यानं मुद्दाम फेकला नव्हता, असं सगळं एका दमात बोलून तो रडायला लागला. मी त्यातलं जमेल तेवढं सांगितलं. फ्राउ फोग्टनी सामन्याला नेलेली टोपली कुणीतरी जीपमध्ये टाकली होती. त्यांनी पाव कापला, आत जाड लोणी आणि सॉसेज घातलं आणि त्याच्यापुढे धरला. तो उभ्यानं खायला लागला तेव्हा त्यांनी बाकावर आपल्या शेजारी हातानं थोपटलं. तो बसला. तिघंही जेवलो.

संध्याकाळी फोग्टसाहेबांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न बायकोला नव्हता, मला होता. "मला पहिला मुक्काम दिला ना? चेंडू अंगाला लागला की पहिला मुक्काम फुकट मिळतो."

बाईंनी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितल्यावर त्या नवऱ्यावर अशा काही कडाडल्या की भाषांतराची गरजच उरली नाही.

एर्लांगेन

शेवटची आशा होती ती जवळच्याच एर्लांगेनमधल्या कारखान्याची, आणि तिथे मला एकट्यालाच जावं लागलं. नीटनेटकं, सरळ रस्त्यांचं गाव. जिकडे-तिकडे सायकली, त्यावर विद्यार्थी आणि टाय लावलेले प्राध्यापकसुद्धा. डायरेक्टर प्रेमळ होते, पण उत्तर तेच. दीड वर्ष.

दुभाष्या नसल्यानं मला आडवळणानं बोलताच येत नव्हतं. माझ्याकडे असतील तेवढ्या शब्दांत मी विचारलं, "तयार. आज. उभं. एक मशीन. कुठे आहे?"

ते हसले, आणि मग हसता हसता थांबले. "आल्झो," म्हणजे 'तर मग', असं म्हणून त्यांनी फोन उचलला. असं एक होतं. म्युनिकच्या प्रदर्शनात मांडलेलं. पण लोकांना आतले गिअर दिसावेत म्हणून त्याच्या पोटाला खिडकी पाडून काच बसवली होती. जर्मन गिऱ्हाईक असलं मशीन घेत नाही.

"आमच्या कामगारांना आतलं बघून शिकता येईल," मी म्हणालो. "खिडकी चालेल. माप बरोबर पाहिजे."

"माप!" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "माप तर बरोबर असणारच."

म्युनिक

फोग्टसाहेब घरी आले होते, पण डोक्याला पट्टी आणि गाडी चालवायची मनाई. मी आगगाडीनं जातो म्हटलं तर फ्राउ फोग्टनी किल्ली उचलली. "मी नेते. लढाईत दुधाचा ट्रक चालवलाय मी." नवरा ज्या रस्त्यानं जपून गाडी हाकी त्यावर बाईंनी भुंग्याला खरोखरच पंख लावले. मी पुढचा दांडा घट्ट धरून बसलो होतो. सगळं ठीक ना, अशा अर्थानं त्या मधूनच माझ्याकडे बघून विचारत, "गुट?" मी म्हणे, "गुट."

सकाळी म्युनिकची पांढरी सॉसेजं खाल्ली. ती बाराच्या आत खायची आणि साल काढून खायची. मी सालासकट खाल्लं तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मग प्रदर्शनाच्या मांडवात मी एक शाफ्ट घासून घेतला, स्वतः मापला, पुन्हा मापला. काचेतून गिअर फिरताना घड्याळासारखे दिसत होते. मी सही केली. प्रदर्शन संपलं, कागदपत्रं झाली आणि ते मशीन फेब्रुवारीतच मुंबई बंदरात उतरलं. आता आमच्या वर्कशॉपमध्ये चालतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी त्याच्या खिडकीत डोकावतो.

परतीची बोट पकडायला जिनोव्हा बंदराकडे जाणारी माझी गाडी संध्याकाळची होती. बाईंनी घड्याळ पाहिलं. "कार्ल म्हणाला, इथे आज खेळ आहे. वेळ आहे आपल्याला."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. चुकलो नव्हतो.

मैदान झाडांच्या मधोमध होतं. स्थानिक क्लब आणि शिपाई. प्रत्येक चेंडूला बाई पर्स आवळायच्या आणि फलंदाज सुखरूप दिसला की सोडायच्या. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा का पळाला? तो का बाद? मी क्रिकेटच्या अनुभवावर, मोडक्या जर्मनमध्ये, निम्मं चुकीचं सांगत होतो. अखेरच्या डावात एका जर्मन पोरानं चेंडू असा उचलला की तो कुंपणापलीकडच्या झाडांत दिसेनासा झाला. माझ्या शेजारून आवाज आला. फ्राउ फोग्ट उभ्या होत्या, टोपी सरकली होती आणि त्या ओरडत होत्या. आजूबाजूचे शिपाई वळून बघायला लागले तरी त्या खाली बसल्या नाहीत.

स्टेशनवर त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला आणि मग नमस्कारही केला.

"पुढच्या वेळी बायकोला आणा," त्या म्हणाल्या. "हे पुरुष उकिडवे बसून काय मिळवतात, ते आम्ही दोघी मिळून शोधून काढू."

गाडी सुटायच्या आधीच त्या वळल्या. मला जरा वाईट वाटलं. मी खिडकीतून वाकून पाहिलं, तर त्या झपाझप चालत फलाटावरच्या टेलिफोनच्या खोलीत शिरल्या. गाडी हलली तेव्हा काचेतून त्या दिसत होत्या. रिसीव्हर कानाशी, आणि चेंडू कुठून कुठे गेला हे नवऱ्याला समजावं म्हणून दुसरा हात खालून वर, लांब, पार छताकडे नेत होत्या.